उंचीचे फोटो पुरे झाले, आता पानाचं वजन सांगा



पाऊस लागला की मोबाईलवर नेपियरच्या कांड्यांच्या जाहिराती सुरू होतात. फोटो दरवर्षी तोच. एक माणूस हात वर करून उभा आणि गवत त्याच्याही वर चार फूट. खाली लिहिलेलं असतं, "पंधरा फूट उंची, एकरी अमुक टन, एकदा लावा आणि सात-आठ वर्षं कापा". नावंही तशीच, सुपर, बुलेट, स्मार्ट, रेड. भावही ठोकून. मागवणारे मागवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. उंची म्हणजे दांडा. जनावराच्या पोटात जाऊन दूध करतं ते मुख्यतः पान. आपण पैसे मोजतो दांड्याचे आणि अपेक्षा ठेवतो पानाची. यात विकणाऱ्याचा जेवढा दोष आहे, तेवढाच उंची विचारून घेणाऱ्याचा आणि पत्रकावर फक्त टनाचा आकडा छापणाऱ्याचाही आहे. नोंद मोठी आहे, पण पूर्ण वाचा. शेवटी घरच्या घरी करायची एक तपासणी दिली आहे.

गव्हाणीत काय उरतं ते बघा

आमच्या आंबिवली, टिटवाळा, मोहने पट्ट्यात जमीन उरलीय किती? इमारती वर चढल्या, शेतं गुंठ्यावर आली. कल्याण-भिवंडीचे म्हशींचे तबेले मात्र अजून चालू आहेत आणि त्यांना रोज हिरवा चारा लागतो. ज्याच्याकडे वीस-तीस गुंठे आहेत तो भाताच्या बांधाला किंवा वरकस तुकड्यात नेपियर लावतो. थोडा घरच्या जनावरांना, थोडा विकायला. विक्री वजनावर. वजन कशात जास्त? दांड्यात आणि पाण्यात. म्हणून विकणारा खूश.

आता गोठ्यात या. सकाळी गव्हाण झाडताना जी चघळ निघते ती हातात घ्या. पानं नसतात त्यात. जाड, कडक दांडकीच असतात. म्हशीला कोणी शाळा शिकवलेली नाही, पण ती पान आधी ओढते आणि दांडा शेवटी ठेवते. कारण पानात प्रथिनं जास्त असतात. दांड्यात दिवसागणिक लिग्निन साठतं. लिग्निन म्हणजे लाकूडपणा, तो कुठल्याच जनावराला पचत नाही.

"कुट्टी केली की सगळं खाते" असं सांगणारे भेटतात. कुट्टीने निवडून खाणं कमी होतं हे खरं, वाया जाणंही कमी होतं. पण कडबाकुट्टीचं पातं लिग्निन कापत नाही. लाकडाचे तुकडे केले म्हणून त्याची भाकरी होत नाही.

पान जन्माला कसं येतं

इथं थोडं शास्त्र. घाबरू नका, मी पण दहावीच आहे.

मक्याचं, ज्वारीचं किंवा नेपियरचं कोवळं रोप उभं चिरा. आत, पानांच्या गुंडाळीत, टाचणीच्या डोक्याएवढा शेंडा असतो. सगळं रोप तो शेंडाच घडवतो. तो एकेक थर रचत जातो. एका थरात चार वस्तू, एक पान, एक गाठ, एक पेर आणि एक डोळा. आपण जी दोन डोळ्यांची कांडी लावतो, ती म्हणजे असे दोन थर.

शेंड्यात काही जनुकं "अजून वाढत राहा, पान होऊ नको" असं सांगत असतात. जिथं ती गप्प होतात तिथं पान फुटतं. यातलं मक्यातलं नॉटेड नावाचं जनुक शास्त्रज्ञांनी १९९१ साली वेगळं काढलं. ते चुकून पानात चालू राहिलं तर पानावर गाठी येतात, म्हणून ते नाव. सांगायचं एवढंच की पान आपोआप येत नाही, त्याचा हिशोब रोपाच्या आत लिहिलेला असतो. आणि पानाचा हिशोब वेगळा, पेराच्या लांबीचा वेगळा. माझा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

तीन हिशोब समजून घ्या.

पहिला, उंचीचा. ज्वारीत उंची ठरवणारी चार मुख्य जनुकं १९५४ सालापासून माहीत आहेत. त्यातल्या तिसऱ्याचं काम २००३ साली उलगडलं. वाढीचं संप्रेरक खाली पोचवणारी वाट त्याच्यामुळे चालते. ते बिघडलं की खालची पेरं आखूड राहतात. पानांची संख्या तीच राहते. म्हणजे रोप बुटकं झालं म्हणून पानं कमी झाली नाहीत, दोन पानांमधला दांडा कमी झाला. बाजरीत डी-टू नावाचं बुटकेपणाचं जनुक आहे, त्याचीही गोष्ट अशीच. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने चाऱ्याच्या बाजरीत ते वापरलं. एकूण वजन घटलं, पानाचा वाटा वाढला. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८८ साली मॉट नावाचं बुटकं नेपियर दिलं तेही पानासाठीच. तिकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नेपियर-बाजरी मुद्दाम बुटकी केली आणि आपण इथं पंधरा फुटांच्या फोटोला लाईक देतोय.

दुसरा, तुऱ्याचा. शेंडा पानं रचता रचता एक दिवस कणसाकडे किंवा तुऱ्याकडे वळला की त्या फुटव्याची पानं संपली. खत टाका, पाणी द्या, त्या फुटव्याला नवं पान नाही. म्हणून उशिरा निसवणाऱ्या वाणाला पानं जास्त. ज्वारीत निसवण्याची वेळ ठरवणाऱ्या जनुकांची एक मालिकाच आहे आणि त्यातली बरीचशी दिवसाची लांबी मोजतात. दिवस लहान झाला की "आता निसव" असा निरोप. म्हणून दिवसाला संवेदनशील वाण जूनमध्ये पेरला तर भरपूर पानं देतो आणि तोच दोन महिने उशिरा पेरला तर कमी पानांवर लवकर निसवतो. बियाणं खोटं नसतं, तारीख चुकलेली असते. नेपियरही दिवस लहान झाले की तुऱ्याकडे वळतं. थंडीच्या तोंडाला "पान का कमी झालं" म्हणून युरियाचं पोतं ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा, शिरेचा. हा बांधावर उभं राहून डोळ्यांनी ओळखता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्वारीच्या पानाची मधली शीर बघा. पांढरीशुभ्र असेल तर दांडा बहुधा भेंडासारखा कोरडा. शीर मळकट हिरवी, ओलसर दिसत असेल तर दांडा रसाळ. आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच हे नोंदलं गेलं होतं. त्यामागचं एकच मुख्य जनुक २०१८ साली नेमकं सापडलं. चाऱ्याची ज्वारी निवडताना एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी शीर तपकिरी. मक्यात हे रोप पहिल्यांदा १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटाला दिसलं. ज्वारीत असे वाण १९७८ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठाने मुद्दाम तयार केले. शीर तपकिरी म्हणजे लिग्निन बनवण्याच्या साखळीतली एक कडी ढिली. पचन सुधारतं. पण लाकूडपणा कमी म्हणून काही वाण लोळतात आणि वजनही कमी भरतं. काळू नदीच्या काठच्या आमच्या वाऱ्यापावसात असं पीक आडवं झालं तर चिखलातून कोण काढणार? म्हणून "तपकिरी शीर" असं लिहिलेलं पाकीट दिसलं की धावत सुटू नका. फायदा काय आणि त्याची किंमत काय, दोन्ही विचारा.

लसणघासाचंही एक सांगतो. लसणघासाला तीन पत्री. त्याच्याच जवळच्या एका जातीत एक जनुक बंद पडलं की पाच पत्री येतात, हे २०१० साली दाखवलं गेलं. ऐकायला भारी वाटतं, पण पत्र्यांची संख्या वाढली म्हणजे पानाचं वजन वाढलंच असं नाही. पत्री लहान झाल्या तर गोळाबेरीज तीच. म्हणून जो कोणी "पानं मोजा" म्हणेल त्याला सांगा, मोजू नका, वजन करा.

सुपर, बुलेट, रेड: नावात काय ठेवलंय

आपण ज्याला संकरित नेपियर म्हणतो ते बाजरी आणि नेपियर (हत्ती गवत) यांचं पोर. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८. दोघांची अर्धी अर्धी येऊन पोराची झाली २१. तीन संच, जोड्या जुळत नाहीत, म्हणून बी वांझ. म्हणूनच कांडी किंवा ठोंब लावावे लागतात. आपल्याकडे हा संकर कोइंबतूरला १९५३ साली झाला. पुढे तिथलेच सीओ मालिकेतले वाण आले. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले यशवंत, फुले जयवंत दिले. थायलंडहून आलेलं पाकचोंगही बाजरी-नेपियरचंच पोर. आकाशातून पडलेलं यातलं एकही नाही.

आईकडून मऊ पान आलं की बापाकडून जाड दांडा, हे प्रत्येक संकरात वेगळं पडतं. म्हणून वाण महत्त्वाचा, नाव नाही. पण कांडीवर कुठे नाव लिहिलेलं असतं? एकाच ठोंबाला तीन गावांत तीन नावं मिळतात. मी एका विक्रेत्याला विचारलं, "दादा, पान किती टक्के?" तो म्हणाला, "काका, टनेज बघा, पान काय बघता!" हेच उत्तर तुम्हालाही मिळालं असेल.

रेडचा लाल-जांभळा रंग हा रंगद्रव्याचा. रंग बघून प्रथिनं ठरत नाहीत. प्रयोगशाळेचा कागद दाखवा म्हणावं, कापणीच्या दिवसासकट.

आता हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

दोन वाण, प्रत्येकी १०० किलो हिरवा चारा. दोन्हीत कोरडा भाग १८ किलो, बाकी ८२ किलो पाणी. हो, पाण्याचेच पैसे देतो आपण. पानात प्रथिनं १२ टक्के धरा, दांड्यात ५ टक्के.

उंच वाण, पान ४० टक्के: ७.२ किलो पान, १०.८ किलो दांडा. प्रथिनं सुमारे १.४० किलो.

पानाचा वाण, पान ६० टक्के: १०.८ किलो पान, ७.२ किलो दांडा. प्रथिनं सुमारे १.६५ किलो.

फरक पाव किलो प्रथिनांचा. सरकी पेंडीत प्रथिनं २२ टक्के धरली तर क्विंटलभर चाऱ्यामागे किलोपेक्षा जास्त पेंड. ती पेंड तुम्ही दुकानातून आणता.

कोणी म्हणेल, उंच वाण वीस टक्के जास्त टन देतो. बरोबर. मग १२० किलोत त्याची प्रथिनं होतात १.६८ किलो, म्हणजे बरोबरी. गुंठ्याचा हिशोब केला तर उंचवाला हरत नाही, हे मी लपवणार नाही. पण ते वीस किलो जास्तीचं कापायचं कोणी, वाहायचं कोणी आणि वीज जाळून कुट्टी करायची कोणी? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, म्हशीचं पोट. पाचशे किलोची म्हैस दिवसाला कोरडं खाते साधारण १२ ते १५ किलो. टन वाढले म्हणून तिचं पोट वाढत नाही. त्यात दांडा भरला तर पानाला जागा नाही. म्हणजे टनाचा फायदा चारा विकणाऱ्याला आणि तोटा चारा विकत घेणाऱ्याला. ज्याच्या घरी दोन्ही आहे, तो एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकतो आणि मधली मजुरी हरवतो.

साहेब लोकांचं म्हणणं

काही कृषी अधिकारी म्हणतात, पान हे व्यवस्थापनावर असतं, वाणावर नाही. वेळेवर कापा, पान मिळेल. अर्धं खरं आहे. पहिली कापणी साठ दिवसांच्या आसपास आणि पुढच्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, हे पाळलं नाही तर कुठलाच वाण तुम्हाला वाचवणार नाही. ऐंशी दिवसांवर नेलेलं गवत म्हणजे बांबू. दाट लावलं की एकमेकांच्या सावलीत पेरं लांबतात हेही खरं. आमच्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. डोंगरावरचं पवन्या-मारवेल फुलोऱ्यात कापायचं, कुसळ सुटल्यावर नाही, एवढं शास्त्र विळ्यातच होतं.

पण साहेब, एकाच दिवशी लावलेले, एकाच दिवशी कापलेले दोन वाण शेजारी ठेवा. पानाचा वाटा वेगळा निघाला तर तो फरक कोणाचा? खत तेच, पाऊस तोच, माणूस तोच. तो फरक वाणाचा, म्हणजे जनुकांचा. दिवस आपल्या हातात आहे, पण दिवस पाळायला सांगून वाणाची जबाबदारी झटकता येत नाही.

आणि पान म्हणजे सगळं काही, असंही मी म्हणत नाही. कोवळ्या ज्वारीच्या पानातच विष, म्हणजे हायड्रोसायनिक आम्ल, जास्त असतं. फुलोऱ्याआधीची, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी घालून जनावरं दगावतात. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं, म्हणून नुसत्या नेपियरवर जनावर ठेवू नये, सोबत चवळी, लसणघास यांसारखा द्विदल चारा हवा. पान केसाळ आणि धारदार असेल तर कापणाऱ्याचे हात फाटतात, जनावरही नाखूश. म्हणून पान किती याच्याबरोबर पान कसं, हेही विचारायचं.

कायदा काय म्हणतो

बियाणे कायदा १९६६ चा आहे. त्यातल्या "बियाणं" या शब्दाच्या व्याख्येत जनावरांच्या चाऱ्याचं बी आहेच, शिवाय चारापिकाच्या कांड्या, ठोंब, मुळं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे "कांडी म्हणजे बियाणं नव्हे" ही पळवाट नाही. पण लेबलाची सक्ती अधिसूचित वाणांपुरती आणि लेबलावर उगवण आणि शुद्धता. पानाचा उल्लेख कुठेच नाही. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकराला सुमारे ७५०० ठोंब लागतात. ठोंबाला दोन रुपये धरले तर जवळपास पंधरा हजारांचा सौदा. पंधरा हजाराच्या फसवणुकीला पाचशेचा दंड कोण घाबरणार?

विद्यापीठांकडे तर पानाचा आकडा असतो. चारापिकांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांत पान आणि दांड्याचं प्रमाण नोंदलं जातं. बाजरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या पुढाकाराने २०१७ सालीच प्रसिद्ध झाला. ज्ञान आहे, आकडा आहे. मी पाहिलेल्या पत्रकांवर मात्र ठळक अक्षरात हेक्टरी टन आणि पान "लांब, रुंद, मऊ" एवढंच. लांब, रुंद म्हणजे किती? लग्नाच्या बायोडेटात "गोरा, उंच" लिहितात तसं झालं हे.

म्हणून मागण्या तीन:

१. प्रत्येक चारा वाणाच्या पत्रकावर हिरव्या टनाच्या शेजारी कोरडे टन आणि पान-दांडा प्रमाण छापा. कितव्या दिवशी कापून काढलं तो दिवसही छापा.

२. हे प्रमाण कोकणात वेगळं काढा. राहुरीच्या उन्हातला आकडा आमच्या जुलैच्या ढगात चालत नाही. दापोलीच्या विद्यापीठाने आणि कृषी विज्ञान केंद्रांनी शेजारी-शेजारी लावून दाखवावं.

३. कांड्या विकणाऱ्याने वाणाचं खरं नाव आणि मूळ ठोंब कुठून आणला ते पावतीवर लिहावं. पावती नसेल तर आपण घेऊ नये. हे तिसरं आपल्याच हातात आहे.

घरची तपासणी, अर्ध्या तासाची

कापणीच्या दिवशी प्लॉटच्या मधून, कडेचे सोडून, दहा फुटवे नेहमीच्या उंचीवर कापा. पान दांड्यापासून जिथं बाहेर वळतं तिथं तोडा. पानं एका पिशवीत, दांडे आणि तुरे दुसऱ्यात. वजन करून तारीख आणि कापणीचा दिवस वहीत लिहा. मग दोन्ही बारीक करून खडखडीत वाळवा आणि पुन्हा वजन करा, कारण दांड्यात पाणी जास्त आणि ओल्या वजनात ते फसवतं. कोरड्या पानाला कोरड्या दांड्याने भागा. उत्तर एकाच्या वर आलं तर पान जास्त, खाली आलं तर दांडा. दुसऱ्या दिवशी गव्हाणीतली चघळही तोला. दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात की नाही बघा.

शेजाऱ्याकडे दुसरा वाण असेल तर त्याच दिवसाचा, तेवढाच जुना प्लॉट घ्या. नाहीतर कोवळं आणि जून यांची तुलना होईल आणि वाणावर उगाच आळ येईल.

कमेंटमध्ये फोटो टाकायचा तर तराजूचा टाका. वाणाचं नाव, गाव, लागणीची तारीख, कापणीचा दिवस, पान आणि दांड्याचं कोरडं वजन, एवढं लिहा. पन्नास गावांचे आकडे जमले की ते घेऊन आपण कृषी विज्ञान केंद्रात जाऊ आणि पत्रक बदला म्हणू. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही तोलूनच उत्तर द्यावं. पंधरा फुटांचा फोटो मात्र पाठवू नका, तो माझ्याकडे आधीच दहा जणांनी पाठवलाय.